डेनिस रिची : प्रोग्रामला मशीनच्या दावणीतून सोडवणारा माणूस

इंजिनिअरिंगच्या किंवा डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी सी शिकलेल्या आपल्याकडच्या अनेकांना तो निळा स्क्रीन आठवत असेल. टर्बो सी! वरच्या दोन ओळी ठरलेल्या: एसटीडीआयओ डॉट एच आणि कोनिओ डॉट एच. मग स्क्रीन पुसणारं फंक्शन, मधे आपला प्रोग्राम, आणि शेवटी आउटपुट वाचता यावं म्हणून कळ दाबायची वाट बघणारं गेटच. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ समोर ठेवून किती मुलांनी हे पाठ केलं असेल, मोजदाद नाही.

आता तोच प्रोग्राम अँड्रॉइड फोनवर टर्मक्स अ‍ॅपमध्ये कंपाइल करून बघा. दुसऱ्याच ओळीला गाडी अडते. कोनिओ डॉट एच नावाची फाइल सापडत नाही, असं कंपायलर सांगतो. कारण ती फाइल सी भाषेच्या स्टँडर्डचा भाग कधी नव्हतीच. डॉसवरच्या कंपायलरांनी दिलेली ती जादा सोय होती. ती ओळ काढली, तरी दुसरी गंमत पुढे उभी असते. टर्बो सीमध्ये इंट २ बाइटचा, म्हणजे जास्तीत जास्त ३२७६७ पर्यंतचा. फोनवर इंट ४ बाइटचा. भाषा तीच, प्रोग्राम तोच, तरी उत्तर वेगळं येऊ शकतं.

मग सी ‘पोर्टेबल’ आहे, कुठल्याही मशीनवर चालते, असं जे आपण परीक्षेत लिहून आलो, त्याचं काय? हा प्रश्न नवा नाही. ज्या माणसाने सी तयार केली, त्यालाही १९७७ साली स्वतःचाच कोड दुसऱ्या मशीनवर नेताना हाच प्रश्न पडला होता. त्या माणसाची, म्हणजे डेनिस रिची यांची ही गोष्ट.

वडील बेल लॅब्समध्ये, मुलगाही बेल लॅब्समध्ये

डेनिस मॅकअ‍ॅलिस्टर रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ चा, अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात, ब्राँक्सव्हिल गावी. वडील अ‍ॅलिस्टर रिची हे बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ. टेलिफोन कंपनी एटी अँड टीची ही संशोधन संस्था. ट्रान्झिस्टरचा शोध तिथलाच. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या स्विचिंग सर्किटांवरच्या एका महत्त्वाच्या पुस्तकाचे वडील सहलेखक होते. डेनिस लहान असतानाच कुटुंब न्यू जर्सीतल्या समिट गावात आलं आणि त्यांची शाळा तिथेच झाली.

पुढे ते हार्वर्डला गेले. पदवी घेतली भौतिकशास्त्राची, १९६३ साली. पण मधेच कधीतरी त्यांनी युनिव्हॅक या कंप्युटरवरचं एक व्याख्यान ऐकलं आणि मन तिकडे ओढलं गेलं. पुढचा अभ्यास त्यांनी उपयोजित गणितात केला. पीएचडीचा प्रबंधही लिहून झाला. विषय होता प्रोग्रामची रचना आणि तो चालवायला लागणारे कष्ट यांचा संबंध.

इथे एक गंमत आहे. प्रबंध लिहूनही रिची यांना पीएचडी मिळाली नाही. बांधणी केलेली प्रत विद्यापीठात जमा करायची असते, ती त्यांनी केलीच नाही. ज्यांच्या नावाने जगभरच्या परीक्षांत प्रश्न येतात, ते स्वतः कागदोपत्री डॉक्टर झाले नाहीत. तो हरवल्यासारखा झालेला प्रबंध २०२० साली कॅलिफोर्नियातल्या कंप्युटर हिस्टरी म्युझियमने लोकांसमोर आणला. तोवर रिची हयात नव्हते.

१९६७ साली रिची वडिलांच्याच संस्थेत, न्यू जर्सीतल्या मरे हिल इथल्या बेल लॅब्समध्ये रुजू झाले.

बुडालेलं जहाज आणि एक जुनं मशीन

तेव्हा बेल लॅब्स, एमआयटी आणि जनरल इलेक्ट्रिक मिळून मल्टिक्स नावाची ऑपरेटिंग सिस्टीम बनवत होते. एकाच कंप्युटरवर एकाच वेळी पुष्कळ लोकांनी काम करायचं, ही कल्पना. कल्पना झकास, पण काम वाढत गेलं, वेळ आणि पैसा हाताबाहेर गेला. १९६९ साली बेल लॅब्सने त्यातून अंग काढून घेतलं.

रिची आणि त्यांचे सहकारी केन थॉम्पसन यांना मात्र त्या वातावरणाची सवय लागली होती. थॉम्पसन यांनी कोपऱ्यात पडलेलं पीडीपी-७ नावाचं जुनं, छोटं मशीन हाताशी घेतलं आणि त्यावर एक साधी सिस्टीम उभी केली. हेच युनिक्स. रिची सुरुवातीपासून त्यात होते. फाइल कशा ठेवायच्या, प्रोसेस कशा चालवायच्या, यावर दोघांनी मिळून विचार केला.

हे पहिलं युनिक्स असेंब्ली भाषेत लिहिलेलं होतं. असेंब्ली म्हणजे त्या मशीनच्या प्रोसेसरला थेट कळणाऱ्या सूचना. ती वेगवान असते, पण तिचं लग्न त्या एकाच मशीनशी लागलेलं असतं. मशीन बदललं की सगळं पुन्हा पहिल्यापासून लिहायचं. तेव्हाच्या जगात यात कोणाला वावगं वाटत नव्हतं. ऑपरेटिंग सिस्टीम मशीनसोबत यायची आणि मशीनसोबतच भंगारात जायची.

बी नंतर सी

थॉम्पसन यांनी बीसीपीएल या ब्रिटिश भाषेला कात्री लावून बी नावाची छोटी भाषा केली होती. बीमध्ये डेटाचे प्रकारच नव्हते. आकडा असो, अक्षर असो की मेमरीतला पत्ता असो, सगळं एकाच मापाच्या डब्यात. पीडीपी-७ वर ते खपून गेलं, कारण ते मशीनही मेमरी त्याच मापाने मोजायचं.

१९७० साली पीडीपी-११ आलं आणि पंचाईत झाली. हे मशीन एकेक बाइट वेगळा ओळखायचं. अक्षर १ बाइटचं, इंट २ बाइटचा. एकच माप असलेल्या बीला हे नीट पेलवेना, शिवाय ती हळूही चालायची. रिची यांनी बीमध्ये प्रकार घालायला सुरुवात केली. हे अक्षर, हा पूर्णांक, हा अक्षराकडे बोट दाखवणारा पॉइंटर, असं कंपायलरला आधीच सांगायचं. मग कंपायलर त्या त्या मशीनच्या हिशोबाने मेमरी मोजेल. आधी या भाषेला ‘न्यू बी’ म्हणत. १९७२ च्या सुमारास ती इतकी बदलली, की नावही बदललं: सी.

थॉम्पसन यांनी १९७२ मध्येच युनिक्सचं कर्नल सीमध्ये लिहून बघितलं, पण तो प्रयत्न सोडून द्यावा लागला. तेव्हा सीमध्ये स्ट्रक्चर नव्हतं, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारची माहिती एका गाठोड्यात बांधायची सोय नव्हती. रिची यांनी ती सोय भाषेत आणली आणि १९७३ च्या उन्हाळ्यात कर्नल सीमध्ये लिहून झालं. ऑपरेटिंग सिस्टीमसारखी गोष्ट असेंब्लीशिवाय लिहायची म्हणजे वेगाचा बळी द्यायचा, असं तेव्हा पुष्कळांना वाटे. हा समज या कामाने ढिला झाला.

त्याच सुमारास सीमध्ये प्रीप्रोसेसर आला. कंपाइल होण्याआधी कोडवर हात फिरवणारा हा टप्पा. सुरुवातीला तो फक्त दुसरी फाइल आत घ्यायचा आणि एका शब्दाच्या जागी दुसरा ठेवायचा. पुढे माइक लेस्क आणि जॉन रायझर या सहकाऱ्यांनी त्यात अटी घातल्या: अमुक असेल तर हा कोड घे, नाहीतर तो घे. ही अट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९७७ : आपलाच कोड, दुसऱ्याचं मशीन

सीचे कंपायलर हळूहळू दुसऱ्या मशीनसाठीही तयार होऊ लागले. बेल लॅब्समधल्या मंडळींनी आपले प्रोग्राम तिकडे हलवून पाहिले आणि एक वेगळीच अडचण समोर आली. प्रोसेसर वेगळा असल्याने जेवढा त्रास होत होता, त्यापेक्षा जास्त त्रास ऑपरेटिंग सिस्टीम वेगळी असल्याने होत होता. फाइल उघडायची रीत वेगळी, नावं वेगळी, सगळंच वेगळं.

यावर रिची आणि स्टीव्ह जॉन्सन यांनी उलटा विचार केला. प्रत्येक प्रोग्राम परक्या सिस्टीमशी जुळवत बसण्यापेक्षा सिस्टीमच उचलून नव्या मशीनवर का नेऊ नये? आज हे साधं वाटतं. तेव्हा ऑपरेटिंग सिस्टीम ही उचलून न्यायची वस्तू आहे, हेच कोणी फारसं मानत नव्हतं.

त्यांनी मुद्दाम पीडीपी-११ पेक्षा वेगळं मशीन निवडलं: इंटरडेटा ८/३२. पीडीपी-११ होतं १६ बिटचं, हे ३२ बिटचं. योगायोग बघा, ऑस्ट्रेलियातल्या वोलोंगाँग विद्यापीठात रिचर्ड मिलर आणि त्यांचे सहकारी त्याच १९७७ साली इंटरडेटाच्याच ७/३२ या मशीनवर युनिक्स नेत होते. दोन्ही ठिकाणचं काम स्वतंत्रपणे चाललं होतं.

आता रिची यांच्यासमोर त्यांचाच जुना कोड होता आणि तो त्यांना त्यांच्याच चुका दाखवत होता. त्यातल्या तीन बघूया, कारण या तिन्ही आजही होतात.

पहिली चूक पॉइंटर आणि इंट यांची. पीडीपी-११ वर दोन्ही २ बाइटचे. त्यामुळे पत्ता इंटमध्ये ठेवला, इंटचा पत्ता म्हणून वापर केला, तरी चालून जायचं. बीच्या दिवसांची ही सवय सीमध्येही उरली होती आणि कंपायलरही हरकत घेत नव्हता. पण जिथे दोघांची मापं वेगळी, तिथे पत्त्याचा अर्धा भाग कापला जातो. अर्ध्या पत्त्यावर पाठवलेलं पत्र कुठे पोचणार?

दुसरी चूक अक्षराच्या चिन्हाची. पीडीपी-११ वर कॅर या प्रकारात ऋण आकडा बसू शकतो, दुसऱ्या काही मशीनवर तो फक्त धन असतो. भाषेने ते मशीनवर सोडलं होतं. आता फाइल संपली हे सांगायला सीमध्ये उणे आकडा येतो. तो कोणी कॅरमध्ये साठवला, तर एका मशीनवर प्रोग्राम नीट थांबतो आणि दुसऱ्यावर कधीच थांबत नाही.

तिसरी चूक बाइटच्या क्रमाची. मराठीत आपण ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच म्हणतो, मग वीस. इंग्रजीत आधी वीस, मग पाच. आकडा एकच. मशीनचंही तसंच आहे. पीडीपी-११ आकड्याचा लहान भाग आधी ठेवायचं, इंटरडेटा मोठा भाग आधी. दोघांनी एकमेकांची माहिती जशीच्या तशी वाचली, तर अक्षरांच्या जोड्या उलट्या होतात. यू-एन-आय-एक्स या चार अक्षरांचं एन-यू-एक्स-आय होतं. प्रोग्रामर मंडळी या घोळाला गमतीने ‘नक्सी’ प्रॉब्लेम म्हणू लागली.

यावर उपाय काय केले? भाषा घट्ट केली. चिन्ह नसलेला पूर्णांक, एकाच जागेत वेगवेगळे प्रकार ठेवणारं युनियन, एका प्रकारातून दुसऱ्यात उघडपणे बदलायची कास्टची सोय, अशा गोष्टी १९७० च्या दशकात सीमध्ये येत गेल्या. त्यातल्या काहींमागे ही मशीन बदलण्याची ओढाताणच होती. जॉन्सन यांनी सहज दुसऱ्या मशीनकडे वळवता येईल असा कंपायलर लिहिला आणि लिंट नावाचं साधन बनवलं. कपड्याला चिकटलेली लव जशी झटकतो, तसं हे साधन कोडमधल्या संशयास्पद जागा दाखवायचं. फाइल वाचण्या-लिहिण्याची फंक्शनं एका प्रमाणित लायब्ररीत गेली. आपण डोळे मिटून लिहितो ती एसटीडीआयओ डॉट एच तिथलीच.

कर्नलमधला जो भाग मशीनशी थेट बोलतो, तो वेगळा काढला. उरलेला मोठा भाग दोन्हीकडे तोच राहिला. मशीनमधले फरक नाहीसे करता येत नाहीत. ते ओळखून एका ठरलेल्या जागी कोंडून ठेवता येतात. सीच्या पोर्टेबल असण्याचा खरा अर्थ एवढाच आहे, आणि रिची यांनी तो स्वतःच्या कोडवर हात घालून शोधला. या कामावर त्यांनी जॉन्सन यांच्यासोबत लिहिलेला लेख १९७८ साली बेल सिस्टीमच्या तांत्रिक नियतकालिकात आला.

त्याच वर्षी ब्रायन कर्निघन यांच्याबरोबर लिहिलेलं सीचं पुस्तकही आलं. लेखकांच्या आडनावांवरून लोक त्याला ‘के अँड आर’ म्हणतात. पुढची दहा-अकरा वर्षं सीचा अधिकृत नियम असा नव्हताच. ते पुस्तक म्हणेल ती सी.

एका युनिक्सची दहा युनिक्सं

एटी अँड टी टेलिफोनमधली मक्तेदार कंपनी. १९५६ च्या एका कायदेशीर तडजोडीमुळे तिला कंप्युटरच्या धंद्यात उतरता येत नव्हतं. म्हणून युनिक्स विद्यापीठांना नाममात्र पैशात, सोर्स कोडसकट मिळालं. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने त्यात भर घालून बीएसडी काढलं. पुढे एटी अँड टीला बाजार खुला झाला, तेव्हा तिने १९८३ साली सिस्टीम फाइव्ह आणलं. सन, एचपी, आयबीएम, सगळ्यांनी आपापली युनिक्सं काढली.

आता वेगळाच पेच पडला. प्रोसेसर एक असला, तरी युनिक्स वेगळं. शब्दात एखादं अक्षर शोधायचं फंक्शन बीएसडीमध्ये ‘इंडेक्स’ नावाचं, सिस्टीम फाइव्हमध्ये ‘एसटीआरसीएचआर’ नावाचं. काम तेच. मेमरीचा तुकडा इकडून तिकडे न्यायचं फंक्शन एकीकडे ‘बीकॉपी’, दुसरीकडे ‘मेमकॉपी’. हेडर फाइल एकीकडे ‘स्ट्रिंग्ज’, दुसरीकडे ‘स्ट्रिंग’. एका ‘एस’साठी प्रोग्राम कंपाइल व्हायचा थांबे.

प्रोग्रामरनी मग प्रीप्रोसेसरच्या त्या अटी वापरल्या. सन असेल तर हे घे, एचपी असेल तर ते घे. हळूहळू कोडमध्ये अटींचं रान माजलं. शिवाय यादीत नसलेली सिस्टीम आली की सगळं बंद. यादीतल्या सिस्टीमचं नवं व्हर्जन आलं, तरी यादी खोटी ठरायची.

कॉन्फिगर : नाव विचारू नका, काम येतं का ते विचारा

यातून वाट काढली ती पुढच्या लोकांनी. हे काम रिची यांचं नाही, पण त्यांच्या १९७७ च्या धड्याचीच ही पुढची पायरी. लॅरी वॉल यांनी १९८४ च्या सुमारास आपल्या ‘आरएन’ या प्रोग्रामसोबत कॉन्फिगर नावाची स्क्रिप्ट दिली. १९९१ मध्ये ग्नू प्रकल्पाचे प्रोग्राम सांभाळणाऱ्या डेव्हिड मॅकेन्झी यांनी अशा स्क्रिप्ट आपोआप तयार करणारं ऑटोकॉन्फ सुरू केलं.

लिनक्सवर किंवा टर्मक्समध्ये सोर्सवरून एखादा प्रोग्राम बसवला असेल, तर ‘कॉन्फिगर’, ‘मेक’ आणि ‘मेक इन्स्टॉल’ या तीन आज्ञा तुम्ही दिल्या असतील. पहिल्या आज्ञेनंतर स्क्रीनवर ‘चेकिंग, चेकिंग’ अशा शेकडो ओळी धावतात. तेव्हा आत नेमकं काय चालतं?

स्क्रिप्ट एक चिमुकला सी प्रोग्राम लिहिते. त्यात समजा ‘एसटीआरसीएचआर’ हे फंक्शन बोलावलेलं असतं. तो प्रोग्राम ती तुमच्या कंपायलरला देते. कंपाइल आणि लिंक झाला, तर फंक्शन आहे. नाही झाला, तर नाही. मग पुढचा चिमुकला प्रोग्राम. अमुक हेडर आहे का? पॉइंटर किती बाइटचा? बाइटचा क्रम आधी लहान की आधी मोठा? मिळालेली उत्तरं ती ‘कॉन्फिग डॉट एच’ नावाच्या एका फाइलमध्ये लिहून ठेवते आणि मेकफाइल तयार करते. मूळ प्रोग्राम फक्त त्या फाइलला विचारतो: हे फंक्शन आहे का? असेल तर वापरतो, नसेल तर सोबत आणलेलं आपलं फंक्शन वापरतो.

तुझं नाव काय, हे ती सिस्टीमला विचारत नाही. तुला हे काम येतं का, एवढंच विचारते. त्यामुळे जी सिस्टीम स्क्रिप्ट लिहिताना अस्तित्वातच नव्हती, तिच्यावरही प्रोग्राम उभा राहू शकतो. अँड्रॉइड हे त्याचं ठळक उदाहरण. ऑटोकॉन्फ आलं तेव्हा अँड्रॉइडचा पत्ताही नव्हता.

याला मर्यादाही आहेत. लॅपटॉपवर बसून फोनसाठी प्रोग्राम कंपाइल करत असाल, तर तो चिमुकला प्रोग्राम लॅपटॉपवर चालवून बघता येत नाही, कारण तो फोनच्या प्रोसेसरसाठी बनलेला असतो. अशा वेळी काही उत्तरं हाताने द्यावी लागतात. आणि शेकडो चाचण्यांत वेळही जातो. मोठ्या प्रोजेक्टांपैकी काहींनी त्यामुळे दुसरी साधनं घेतली आहेत, पण विचारून खात्री करायची मूळ रीत तीच आहे.

समितीसमोर उभे राहिलेले रिची

प्रत्येक कंपनीची सी वेगळी होऊ लागली, तेव्हा १९८३ मध्ये अमेरिकेत सीचं स्टँडर्ड ठरवायला समिती नेमली गेली. त्याच वर्षी रिची आणि थॉम्पसन यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. रिची मितभाषी, प्रसिद्धीपासून लांब राहणारे. समितीच्या कामात ते फारसे पडले नाहीत. एकदा मात्र ते ठामपणे उभे राहिले.

काम संपत आलं असताना समितीने ‘नोएलियस’ नावाचा नवा शब्द भाषेत घालायचं ठरवलं. अमुक गोष्टीकडे दुसरा कुठलाही पॉइंटर बोट दाखवत नाही, असं वचन प्रोग्रामरने कंपायलरला द्यायचं. मग कंपायलर कोड जास्त वेगवान करणार. रिची यांना यात धोका दिसला. नियम ज्या पद्धतीने लिहिला होता, त्यामुळे आज नीट चालणारे प्रोग्राम उद्या नकळत चुकीची उत्तरं देतील, असं त्यांचं म्हणणं होतं. १९८८ साली त्यांनी समितीला कडक शब्दांत लेखी विरोध कळवला. तो शब्द वगळला गेला. १९८९ मध्ये स्टँडर्ड आलं ते नोएलियसशिवाय.

सी माझी आहे म्हणून हट्ट धरावा, असा तो मामला नव्हता. दुसऱ्याच्या मशीनवर प्रोग्राम गुपचूप चुकणं किती महागात पडतं, हे त्यांनी इंटरडेटावर स्वतः भोगलं होतं. उघडपणे अडलेला प्रोग्राम परवडला. खोटं उत्तर देणारा नाही.

शेवटची वर्षं

पुढे बेल लॅब्समध्ये प्लॅन ९ आणि इन्फर्नो या नव्या सिस्टीमच्या कामात रिची होते. १९९८ चं अमेरिकेचं राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्यांना आणि थॉम्पसन यांना मिळालं. २००७ मध्ये ते निवृत्त झाले. २०११ चा जपान प्राइझही दोघांना मिळून मिळाला.

त्याच वर्षी, १२ ऑक्टोबर २०११ रोजी, न्यू जर्सीतल्या बर्कली हाइट्समधल्या घरी रिची मृतावस्थेत आढळले. वय ७० वर्षं. ते एकटेच राहत आणि तब्येत काही काळ बरी नव्हती. जुने सहकारी रॉब पाइक यांच्याकडून ही बातमी जगाला कळली. आठवडाभर आधी, ५ ऑक्टोबरला, स्टीव्ह जॉब्स गेले होते आणि सगळी वर्तमानपत्रं त्यांच्यावर भरून वाहत होती. रिची यांची बातमी बहुतेकांच्या नजरेतून सुटली. जॉब्स यांच्या आयफोनची सिस्टीम मात्र बीएसडीच्या वंशातली, आणि तिचं कर्नल मुख्यतः सीमध्येच लिहिलेलं.

तुमच्या फोनमधला १९७७

२०१९ च्या ऑगस्टमध्ये गूगल प्लेने नियम केला: अ‍ॅपमध्ये सी किंवा सी प्लस प्लसचा कोड असेल, तर त्याची ६४ बिटची आवृत्तीही द्यावी लागेल. ३२ बिटच्या फोनवर इंट आणि पॉइंटर दोन्ही ४ बाइटचे. ६४ बिटवर इंट ४ चाच राहतो, पॉइंटर ८ चा होतो. ज्यांनी पत्ता इंटमध्ये कोंबला होता, त्यांचा पत्ता अर्धा कापला गेला. रिची यांना ४२ वर्षांपूर्वी भेटलेली चूक, जशीच्या तशी.

कॅरच्या चिन्हाची चूकही जिवंत आहे. इंटेलच्या लॅपटॉपवर कॅर ऋण असू शकतो, एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये तो सहसा धनच असतो. लॅपटॉपवर नीट थांबणारं लूप तिथे अखंड फिरत राहू शकतं.

म्हणून सी शिकत असाल, तर आज एक काम करा. टर्मक्समध्ये क्लँग कंपायलर बसवा आणि कॉलेजच्या वहीतला एखादा प्रोग्राम सगळ्या वॉर्निंग चालू ठेवून कंपाइल करा. कोनिओ काढा. मेन फंक्शन व्हॉइडऐवजी इंट करा. इंट किती बाइटचा हे गृहीत धरू नका, साइझऑफला विचारा. फाइल वाचताना आलेलं अक्षर कॅरमध्ये नाही, इंटमध्ये घ्या. तोच प्रोग्राम मग मित्राच्या लॅपटॉपवर नेऊन चालवा. दोन्हीकडे उत्तर सारखं आलं, तर तुमचा प्रोग्रामही एका मशीनच्या दावणीतून सुटला.